रिकाम्या सिलिंडरचा वास

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेक-जावयांनी आईबाबांना बार्बेक्यू भेट द्यायचं ठरवलं. कोणी मागितला नव्हता. पण हल्लीच्या भेटींचं असंच असतं, आवड देणाऱ्याची आणि अडगळ घेणाऱ्याची. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण जावई पडले समंजस. निवड तुमचीच, असं त्यांनी मोठ्या मनानं सांगून टाकलं. गॅसचा घ्यायचा की कोळशाचा, एवढंच काय ते ठरवा म्हणाले.

या घरात खरं तर हा प्रश्न पडायलाच नको होता. घरातला कर्ता पुरुष म्हणजे नाकसाहेब. साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, ते म्हणजे वास घेणं. साबणाचा नवा लॉट निघाला की वड्या पाडण्याआधी त्याचं एक सालपट पांढऱ्या कागदावरून त्यांच्या टेबलावर यायचं. साहेब डोळे मिटायचे, दोनदा हुंगायचे, आणि मग एक तर सही करायचे, नाही तर अख्खा लॉट परत पाठवायचे. एकदा नुसत्या सालपटावरून त्यांनी सांगितलं होतं की आदल्या दिवशी लिंबाचा साबण काढल्यावर कढई नीट धुतलेली नाही. धुणाऱ्यानं कान पकडून कबूल केलं, आणि त्या दिवसापासून कारखान्यात त्यांना खऱ्या नावानं कोणी हाक मारली नाही. नाकसाहेब हे नाव कारखान्यातून गल्लीत आलं, गल्लीतून वाण्याकडे गेलं आणि वाण्याकडून घरात शिरलं. साहेबांना निवृत्त होऊन सात महिने झाले होते, पण नाव अजून नोकरीतच होतं.

कोळशाबद्दलची त्यांची मतं सगळ्या नातेवाइकांना पाठ होती. गॅसवर भाजलेलं म्हणजे नुसतं गरम केलेलं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडतो, त्याचा धूर होतो, आणि तो धूर परत वर येऊन मांसात शिरतो, तेव्हा कुठं त्याला भाजणं म्हणायचं. हे ते प्रत्येक सहलीत ऐकवायचे, आणि समोरच्याच्या हातातला मका गार व्हायचा.

बायकोचं मत नेमकं उलट. त्या एका छापखान्यात प्रूफं तपासायच्या, तीन दिवस तिकडे जाऊन आणि उरलेले दिवस घरी जेवणाच्या टेबलावर. तिकडे सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. बाईंना काजळीचा भारी तिटकारा. सहलीहून परतलेल्या लेकीला त्या लहानपणी दारातच कपडे काढायला लावायच्या आणि तसेच बादलीत बुडवायच्या. त्यामुळे लेकीचा हिशेब सरळ होता. बाबा म्हणणार कोळसा, आई म्हणणार गॅस, दोन तास भांडतील आणि शेवटी आई हरेल.

सुटीच्या दिवशी दुपारी चौघं जेवायला बसले तेव्हा जावयांनी मोबाइलवर एक तक्ता उघडला. ते विमा कंपनीत होते. कुठल्या इमारतीला आग लागण्याची शक्यता किती, हे कागदावर मांडायचं त्यांचं काम, त्यामुळे तक्त्याशिवाय त्यांना भूकही लागत नसे. पेटायला लागणारा वेळ, आच कमी-जास्त करण्याची सोय, साफसफाई, चव, धोका, असे पाच रकाने होते. सगळं वाचून झाल्यावर ते म्हणाले, बोला आता.

"गॅस," नाकसाहेब म्हणाले.

"कोळसा," बाई म्हणाल्या.

दोघं एकाच वेळी बोलले, म्हणून आधी लेकीला वाटलं आपलंच काही तरी चुकतंय. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. जावयांनी तक्ता खाली ठेवला.

मग जे भांडण झालं ते या घरातलं नेहमीचंच होतं, फक्त दोघांनी बाजू बदलल्या होत्या. बाबा सांगत होते की गॅस कसा स्वच्छ, बटण फिरवलं की झालं, राख उपसायला नको, बिचाऱ्या हिच्या मागे आधीच कामं कमी आहेत का. आई सांगत होती की कोळशाची चव ती कोळशाची चव, अर्धा तास निखाऱ्यांची वाट बघण्यातच खरी मजा असते. ही मजा तिला कधीपासून कळायला लागली, असं लेकीनं विचारल्यावर आईनं तिला आणखी एक बटाटा वाढला. जावई सासू-सासऱ्यांच्या या त्यागानं अगदी विरघळून गेले. एकमेकांसाठी किती करतात बघ, असं ते बायकोच्या कानात म्हणाले, आणि आपल्याकडे असं नाही, हेही तेवढ्यात सुचवून घेतलं.

त्याग वगैरे काही नव्हता. साहेबांना वास येत नव्हता, आणि हे बाईंना माहीत होतं. बाईंना माहीत आहे, हे मात्र साहेबांना माहीत नव्हतं.

सव्वा वर्षापूर्वी साहेबांना आठ दिवस सणकून ताप आला होता. ताप गेला, अशक्तपणा गेला, साहेब कामावर जायला लागले. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी एका सकाळी बाई वरच्या खोलीत प्रूफ वाचत होत्या आणि जळक्याचा वास जिन्यावरून वर आला. धावत खाली येऊन बघतात तर दूध उतू जाऊन, आटून, भांड्याचा कोळसा झालेला, आणि शेगडीपासून चार पावलांवर साहेब पेपरातलं कोडं सोडवत बसलेले. लक्ष नव्हतं, असं म्हणाले. शेजारणीचा टोस्ट करपला तर फाटकातून आत येतानाच सांगणारा हा माणूस.

बाईंचा सगळा जन्म पानावर न छापलेला शब्द शोधण्यात गेला होता. छापलेली चूक कोणालाही दिसते, गळलेला शब्द दिसायला नजर लागते, असं त्या छापखान्यात नव्या मुलींना सांगायच्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी न्हाणीघरात दुसऱ्या कंपनीचा साबण ठेवला. रंग तोच, आकार तोच, वास निराळा. एका पाहुण्यांच्या बॅगेतून हाच साबण निघाला होता तेव्हा साहेबांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गच्चीवर ठेवायला लावला होता. आता त्यांनी तो तीन आठवडे वापरला, अगदी कागदाएवढा पातळ होईपर्यंत. बाईंनी उरलेला तुकडा कचऱ्यात टाकला आणि नवऱ्याची परीक्षा घेतल्याची त्यांना लाज वाटली. पुन्हा त्यांनी तसलं काही केलं नाही.

साहेबांनी सांगितलं नाही, म्हणून बाईंनी विचारलं नाही. ते तसेच कामावर जात राहिले, आठ महिने सालपटं हुंगत राहिले आणि सह्या करत राहिले. त्या आठ महिन्यांत गिऱ्हाइकांकडून एकही तक्रार आली नाही. निरोपसमारंभात मालक म्हणाले की साहेबांच्या शेवटच्या वर्षाइतकं चोख काम कारखान्यात आजवर झालं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई पहिल्या रांगेत होत्या. टाळ्या घेताना साहेबांचा चेहरा कसा झाला होता ते त्यांनी पाहिलं, आणि घरी आल्यावर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

विषय काढला नाही, पण सोय केली. बाई घरात मोठ्यानं वास घेऊ लागल्या. लिंबाला फुलं आलेली दिसतात, काय घमघमाट सुटलाय, असं त्या खिडकीपाशी उभं राहून म्हणायच्या, की पेपरामागून आवाज यायचा, मघापासून येतोय. नव्या रंगाचा वास डोक्यात जातो नुसता, असं त्या जिन्यात म्हणायच्या, की वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत साहेबांचं रंगांवर व्याख्यान तयार असायचं. नासलेलं दूध त्यांच्या हाती लागायच्या आत ओतून टाकलेलं असायचं. नाटकात पडद्याआडून वाक्यं सांगणारा असतो, तसं बाईंचं चाललं होतं, आणि नटाला वाटत होतं की सगळं आपल्याला पाठ आहे. आणि दहा महिन्यांपूर्वी त्यांनी स्वयंपाकघरातला गॅस काढून विजेची शेगडी बसवली. भांड्यांची तळं काळी होतात, असं कारण सांगितलं. साधा बल्ब घ्यायचा तर आठवडाभर चौकशी करणारे साहेब एका मिनिटात हो म्हणाले.

आणि आता तोच गॅस मागच्या दारानं, भेटीच्या कागदात गुंडाळून, परत येत होता.

साहेब गॅस का म्हणतात हे बाईंना न सांगता कळलं होतं. कोळसा पेटला की सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळणार. कसा येतोय वास, बाबा? आंब्याचं लाकूड घालू की नको, बाबा? ज्या धुरावर त्यांनी उभा जन्म प्रवचनं दिली, तोच धूर नाकाशी येणार आणि त्यांना डोळे चुरचुरण्यापलीकडे काही कळणार नाही. गॅसच्या बार्बेक्यूला असलं काही कोणी विचारत नाही. तिथं बटण असतं.

पण बाईंना दुसरंच दिसत होतं. मागच्या अंगणात पत्र्याची बंद खोली होती, बार्बेक्यू आणि सिलिंडर तिथंच राहणार. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर साचून राहतो, हे साहेबांनीच त्यांना कधी तरी समजावलं होतं. आठवड्यातले तीन दिवस त्या छापखान्यात. घरात रिकामटेकडा, हौशी माणूस, हातात लायटर. बाईंना पुढचं वाक्य वाचवेना.

जेवणं झाल्यावर चौघं दुकानात गेले. दुकान मोठं होतं, बागेतल्या खुर्च्या, पाण्याचे पाइप, गवत कापायची यंत्रं आणि मधोमध रांगेनं मांडलेले बार्बेक्यू. तिथला विक्रेता जातिवंत होता. गिऱ्हाइकाचं मन कुठं झुकलंय ते बघून तो त्याच बाजूला आणखी थोडं ढकलायचा. इथं मात्र त्याची पंचाईत झाली. साहेबांना तो गॅसचं कौतुक सांगायचा, मान वळवून बाईंना कोळशाचं, आणि शेवटी शेवटी तो स्वतःलाच खोडून काढायला लागला. विजेवरचा नाही का मिळत, असं बाईंनी मध्येच विचारून पाहिलं. जावयांना वाटलं सासूबाई विनोद करताहेत, ते मनापासून हसले.

मग बाईंनी जोर लावला. कोळशाच्या बार्बेक्यूचं झाकण उघडून बघितलं, हवा सोडायच्या चकत्या फिरवून बघितल्या, निखारे पेटवायचं ते धुराड्यासारखं भांडं हातात घेऊन त्याची वाखाणणी केली. राखेचं ताट कसं निघतं ते विक्रेत्याला दाखवायला लावलं आणि राख काय, एका झटक्यात निघेल, असं म्हणाल्या. ज्यांनी आयुष्यभर काळ्या बोटाचा ठसा दिसला की घर डोक्यावर घेतलं, त्या आता राखेच्या ताटाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. लेक तोंडाला हात लावून बघत होती.

नेमकं त्या ताटापायीच त्यांचं लक्ष उडालं. पलीकडे विक्रेता साहेबांना गॅसचं यंत्र समजावत होता. सिलिंडर, रेग्युलेटर, रबरी नळी, तीन बर्नर. गळती तपासायची तर साबणाचं पाणी लावायचं, फुगे आले की समजायचं. साबण म्हटल्यावर साहेब फुलले. त्यांनी विक्रेत्यालाच सांगायला सुरुवात केली की गॅसला मुळात स्वतःचा वासच नसतो, तो उग्र वास मुद्दाम मिसळतात, माणसाला कळावं म्हणून. "अगदी बरोबर," विक्रेता म्हणाला, "म्हणजे बघा, असं बटण फिरवलं, आणि बर्नर पेटला नाही, तर—" आणि त्यानं बटण फिरवलं.

साहेब सगळ्यात जवळ उभे होते. जावई त्यांच्याकडे बघत होते. बाई खाली वाकलेल्या होत्या, त्यामुळे आज पडद्याआडून काहीच सूचना आली नाही. साहेबांनी क्षणभर वाट पाहिली, मग डोळे मिटले, दोनदा हुंगलं आणि हात वर केला.

"आला," ते म्हणाले. "बंद करा. चांगलाच उग्र आहे."

विक्रेत्याच्या चेहऱ्यावर बारा वाजले. त्यानं बटण बंद केलं, मग खाली वाकून सिलिंडर एका हातानं सहज उचलून दाखवला. तो रिकामा होता. दुकानात भरलेला सिलिंडर ठेवायची परवानगीच नव्हती, हा मांडणीतला होता आणि आणल्यापासून कधी भरलाच नव्हता.

बाई उठून उभ्या राहिल्या तोवर साहेबांचे कान लाल झाले होते. आता कोणी तरी हसेल, आणि त्या हसण्यात आपण सामील होऊ, म्हणजे गंमत केली असं होईल, एवढा विचार बाईंनी केलाही. पण जावई हसले नाहीत. त्यांनी खिशातून हात काढले आणि विक्रेत्याला विचारलं की हा सिलिंडर बनवला त्या कारखान्यात तपासताना एकदा तरी भरत असतील ना? विक्रेत्याला विक्री हवी होती. भरतच असतील, तो म्हणाला. थोडासा. तपासायला.

"म्हणजे कधीकाळी कारखान्यात चिमूटभर गॅस भरला होता," जावई सावकाश म्हणाले, "आणि तो बाबांना आत्ता कळला."

तिथून पुढे कोणाचंच काही चाललं नाही. विक्रेत्यानं आपल्या जोडीदाराला हाक मारून हा प्रकार सांगितला. जोडीदारानं येऊन सिलिंडरला नाक लावलं आणि आपल्याला काही येत नाही म्हणून नम्रपणे मान हलवली. लेकीनं बाबांच्या दंडाला मिठी मारली. जावयांनी तर तिथल्या तिथं तक्ता उघडून धोक्याच्या रकान्यात गॅससमोरचा आकडा खोडला आणि दुसरा घातला. ज्या घरात असं नाक आहे त्या घरात गॅसइतकं सुरक्षित दुसरं काही नाही, हे त्यांचं व्यावसायिक मत होतं. बाईंच्या डोळ्यांसमोर एका वाक्यातला एक शब्द गळला होता आणि उरलेलं वाक्य त्यामुळे बरोबर उलटं झालं होतं. ते दुरुस्त करायला हातात पेन्सिल नव्हती. उद्या सकाळी दहा वाजता माल घरपोच येईल, असं विक्रेत्यानं लिहून दिलं, भरलेल्या सिलिंडरसकट.

संध्याकाळी लेक-जावई आपल्या घरी गेले. साहेब जेवणाच्या टेबलाशी गॅसच्या बार्बेक्यूची माहितीपुस्तिका घेऊन बसले आणि बाई समोर प्रूफं घेऊन. साहेब आज खुशीत असायला हवे होते. ते एकच पान कितीतरी वेळ वाचत होते.

बाईंनी मनाशी सगळं मांडून पाहिलं. साहेबांना तोंडावर सांगावं, तर सव्वा वर्ष त्यांनी जिवापाड सांभाळलेलं एका वाक्यात जमिनीवर येणार, आणि तेही आजच, त्या लाल कानांनंतर. गप्प बसावं, तर उद्या दहाला गाडी येणार. नवऱ्याचा मान ठेवावा की नवरा ठेवावा, इतका साधा प्रश्न होता, आणि तरी त्यांचा हात फोनकडे जाईना. शेवटी त्यांना तिसरी वाट सुचली. ती सुचल्यावर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि इथंच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

त्यांनी लेकीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. खोटं बोलायचं तर ते साहेबांसमोरच बोलायला हवं होतं, नाही तर उद्या कोणी विचारलं की ते बावचळले असते.

"तो गॅसचा नको," बाई म्हणाल्या. "मला वास येत नाही."

"सर्दी झालीय का?" लेकीनं विचारलं.

"सर्दी नाही. येतच नाही. सव्वा वर्ष झालं."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाबांना ताप आला होता ना, तेव्हा तो आपल्यालाही थोडा आला होता, कोणाला सांगितलं नाही. नंतर वास गेला. आधी वाटलं येईल परत. कोणी नसताना लिंबाच्या झाडाखाली जाऊन फांदी नाकाशी ओढून धरायची, तर नुसती हवा लागायची. डोळ्यांसमोर दूध जळलं तरी कळलं नाही. जेवण म्हणजे खारट, आंबट, गरम, गार, बस, पुढं काही नाही. कामावर लोक वाखाणायचे तेव्हा वाटायचं की आपण फसवतोय यांना. इथं बाईंच्या लक्षात आलं की प्रूफं तपासायला नाक लागत नाही, पण लेक रडायच्या बेतात होती, तिच्या ते ध्यानात आलं नाही. सांगायची लाज वाटली गं, असं बाई शेवटी म्हणाल्या. ज्या घरात असं नाक आहे, तिथं आपल्याला येत नाही हे कसं सांगायचं?

यातलं एक अक्षर त्यांचं नव्हतं. सगळं त्यांनी सव्वा वर्ष खिडकीतून, दारातून, पेपराच्या कडेवरून पाहिलेलं होतं. साहेबांच्या हातातली पुस्तिका हलत नव्हती. बाईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

फोनवर आता जावई आले. ते गडबडले नाहीत, गडबडणं त्यांच्या पेशात बसत नव्हतं. आधी डॉक्टरांना दाखवू, म्हणाले. मी येतो सोबत. मग जरा थांबून त्यांनी आपला हिशेब मांडला. "पण आई, मग तर गॅसच बरा. कोळशाचा निखारा कुठं उडाला तर तुम्हाला जळक्याचा वास यायचा नाही. आणि गॅसचं तुम्ही कशाला मनावर घेता? बाबा आहेत ना घरात."

"हो ना आई," लेक मागून म्हणाली. "बाबांना रिकाम्या सिलिंडरमधलासुद्धा कळतो. तुला कशाला हवंय नाक?"

बाईंनी प्रत्येक ओळ तपासली होती, तेवढी एक राहिली होती. लेक हॅलो, हॅलो करत होती.

साहेबांनी पुस्तिका मिटली आणि फोन स्वतःकडे ओढून घेतला.

"अगं," ते म्हणाले, "तो सिलिंडर रिकामाच होता."

"म्हणजे?"

"म्हणजे मला कसलाही वास आला नव्हता. येत नाही. तुझ्या आईला सगळे वास येतात. आत्ता तिनं जे सांगितलं ना, ते माझं आहे. सगळं. दुधासकट. लिंबाच्या झाडाखाली मला कोणी बघत नाही असं मला वाटायचं."

लेकीनं लहान आवाजात विचारलं, "पण बाबा, मागच्या महिन्यात मी केक आणला तेव्हा तुम्ही म्हणालात की व्हॅनिला जास्त झालाय."

"तुझी आई आधी म्हणाली होती," साहेब म्हणाले.

जावयांच्या तक्त्यात या घरासाठी आता रकानाच उरला नव्हता. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या कोळशाचा सांगतो, एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोघं समोरासमोर बसून राहिले. बाईंना भीती वाटत होती की आता ते उठून वर निघून जातील, आणि उद्यापासून या घरात कोणी कोणाला काही सांगणार नाही. साहेब टेबलावरचे स्वतःचे हात बघत होते.

"आठ महिने सह्या केल्या मी," ते म्हणाले. "एकाला कळलं नाही."

"मला कळलं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा विचारलं, "आत्ता कसला वास येतोय?"

बाईंना काहीही सांगता आलं असतं. लिंबाची फुलं सांगता आली असती, ओली माती, टेबलावरच्या प्रुफांची ताजी शाई. इतके दिवस त्यांनी निवडून निवडून तेवढेच वास तर सांगितले होते.

"तुमच्या सेंटचा," त्या म्हणाल्या. "सकाळी अर्धी बाटली ओतता तुम्ही अंगावर. डोकं उठतं माझं. सव्वा वर्ष सहन करतेय."

साहेबांनी सवयीनं बाही नाकाशी नेली, हुंगली, आणि खाली आणली. मग ते हसले, आधी नाकातून आणि मग तोंड उघडून, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. खुर्ची मागे सारून ते वर गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले ते अंगात बनियन आणि हातात दुसरा शर्ट घेऊन, आणि तो शर्ट त्यांनी टेबलावरून बाईंच्या पुढे धरला.

"हा बघ बरं," ते म्हणाले.

बाईंनी शर्ट हातात घेतला. डोळे मिटले, दोनदा हुंगलं, कॉलर बघितली, बगल बघितली.

"हा धुवायला टाका," त्या म्हणाल्या. "तिसरा आणा."